अंथरुणातून अग्निशिखराकडे : इझाबेला बर्ड

गिर्यारोहण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पहिल्याने हिमालय उभा राहतो. दोर, बर्फ फोडण्याच्या कुऱ्हाडी, प्राणवायूची नळकांडी, शेर्पा आणि शिखरावर रोवलेले निशाण असा सगळा थाट त्या शब्दाला चिकटलेला आहे. या थाटात न बसणारी काही माणसेही डोंगर चढून गेली आहेत. त्यांच्याजवळ दोर नव्हते, तालीम नव्हती, वयही उमेदीचे नव्हते. १८७३ च्या जून महिन्यात पॅसिफिक महासागरातील हवाई बेटावर मौना लोआ या जागत्या ज्वालामुखीच्या माथ्यावर एका इंग्रज स्त्रीने रात्र काढली. तिची उंची पाच फुटांहून कमी होती. वय एक्केचाळीस. मणक्याचे दुखणे अठराव्या वर्षापासून पाठीस लागलेले. घरी असताना दिवसाचे कित्येक तास ती पडून काढीत असे. तिचे नाव इझाबेला बर्ड.

पुढे ही बाई जगभर फिरली आणि प्रवासवर्णनकार म्हणून तिचे मोठे नाव झाले. तथापि तिच्या आयुष्याला खरे वळण मिळाले ते हवाईच्या डोंगरांवर. म्हणून या लेखात तिच्या चरित्रातील त्या सहा-सात महिन्यांवर अधिक रेंगाळावयाचे ठरविले आहे.

इझाबेलाचा जन्म १५ ऑक्टोबर १८३१ रोजी इंग्लंडमधील यॉर्कशर परगण्यात झाला. तिचे वडील एडवर्ड बर्ड हे आधी कलकत्त्यास वकिली करीत असत. तेथे त्यांची पहिली पत्नी वारली. ते मायदेशी परतले, धर्मोपदेशक झाले आणि त्यांनी दुसरा विवाह केला. त्या विवाहातील इझाबेला ही थोरली मुलगी. धाकटी हेन्रिएटा, घरातले नाव हेनी. वडील आपल्या हद्दीतील खेडी घोड्यावरून हिंडत आणि या चिमुरड्या पोरीला पुढे बसवून नेत. वाटेत शेतात कोणते पीक आहे, अमुक झाडाचे नाव काय, गिरणीचे चाक कशाने फिरते, असे प्रश्न विचारीत आणि परतल्यावर तिच्याकडून त्यांची उत्तरे घेत. घोड्यावरची मांड आणि डोळे उघडे ठेवण्याची सवय हे दोन्ही तिला बापाकडून मिळाले.

परंतु प्रकृती नाजूक. १८५० च्या सुमारास तिच्या पाठीच्या कण्याजवळची एक गाठ शस्त्रक्रिया करून काढावी लागली. त्या काळची शस्त्रक्रिया ती! गाठ गेली, पण दुखणे गेले नाही. पाठदुखी, डोकेदुखी, निद्रानाश आणि मनाची उदासी ही सारी तिच्या घरातली माणसे असल्यासारखी कायमची राहावयास आली. डॉक्टरांनी हवापालट सुचविला. १८५४ मध्ये वडिलांनी तिच्या हातावर शंभर पौंड ठेवले आणि ते पुरतील तोवर बाहेर राहण्याची मोकळीक दिली. ती अमेरिका व कॅनडा पाहून आली, आणि १८५६ मध्ये तिचे पहिले पुस्तक निघाले. त्या प्रवासात तिची प्रकृती बरी होती. घरी आल्यावर पुन्हा तोच बिछाना.

१८५८ मध्ये वडील गेले. आई आणि दोघी बहिणी एडिंबरोस राहावयास आल्या. १८६६ मध्ये आईही गेली. मधल्या काळात इझाबेला स्वस्थ बसली होती असे नाही. बिछान्यात पडल्या पडल्या ती मासिकांसाठी लेख लिही, गरीब स्कॉटिश शेतकऱ्यांना कॅनडात वसाहतीस जाण्यासाठी मदत गोळा करी. पण धर्मोपदेशकाची अविवाहित मुलगी या नात्याने तिच्या वाट्याला आलेले जग चार भिंती, चर्च आणि परोपकार एवढेच होते. चाळिशी आली तेव्हा तिची दशा फारच खालावली होती. अखेर लांबच्या सागरप्रवासाचा उपाय पुन्हा पुढे आला आणि जुलै १८७२ मध्ये ती ऑस्ट्रेलियाकडे निघाली.

ऑस्ट्रेलिया तिला रुचला नाही. न्यूझीलंडही नाही. १८७३ च्या १ जानेवारीला ऑकलंड बंदरातून तिने नेवाडा नावाची आगबोट धरली. ही बोट जुनी, गळकी आणि कोणत्या क्षणी बुडेल याचा भरवसा नसलेली. वाटेत तिला चक्रीवादळाने गाठले. सामान्य प्रवाशाने देवाचा धावा करावा असा तो प्रसंग, परंतु इझाबेलाला मात्र कित्येक वर्षांत प्रथमच हुशारी वाटू लागली. तिला जावयाचे होते सॅन फ्रान्सिस्कोला. पण बोटीवरील एका बाईचा तरुण मुलगा फुप्फुसातून रक्त जाऊन अत्यवस्थ झाला. होनोलुलूस आपल्याबरोबर उतरावे अशी त्या आईने तिला गळ घातली आणि ती उतरली. २५ जानेवारी १८७३ हा तो दिवस. एका परक्या मुलाच्या आजारपणासाठी वाट वाकडी केली आणि तीच तिची खरी वाट ठरली.

हवाई बेटे म्हणजे समुद्रातून वर आलेल्या ज्वालामुखींची एक रांग. पृथ्वीच्या पोटात एके ठिकाणी तप्त रसाचा झरा आहे. त्याच्यावरून पॅसिफिकचा तळ वायव्येकडे हळूहळू सरकत असतो आणि एकामागून एक बेट घडत जाते. म्हणून वायव्येकडील बेटे जुनी व झिजलेली, तर आग्नेय टोकाचे हवाई हे सर्वांत मोठे बेट वयाने सर्वांत लहान व अजून धगधगते. त्यावर मौना केआ (सुमारे १३,८०० फूट) व मौना लोआ (सुमारे १३,६८० फूट) हे दोन प्रचंड डोंगर आहेत. कळसूबाईच्या अडीच पट उंची झाली ही. शिवाय त्यांचा पाया समुद्राच्या तळाशी आहे; तेथून मोजले तर मौना केआ एव्हरेस्टहूनही उंच भरतो. मौना लोआच्या अंगावरच, चार हजार फुटांच्या आसपास, किलाउएआचे विवर आहे.

आपल्या सह्याद्रीशी या डोंगरांचे दूरचे नाते आहे. आपला काळा पाषाणही सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हाचाच. गुळगुळीत, दोरखंडासारख्या वळ्या पडलेल्या लाव्हाला हवाईचे लोक पाहोएहोए म्हणतात आणि खडबडीत, धारदार ढेकळांच्या लाव्हाला आआ म्हणतात. हे दोन्ही शब्द आज जगभरच्या भूशास्त्राने उचलले असून दख्खनच्या खडकांचे वर्णन करतानाही तेच वापरले जातात. फरक एवढाच, की आपल्याकडे तो अग्नी केव्हाच विझला. तेथे तो २०२२ मध्येही मौना लोआच्या माथ्यावर फुटला.

इझाबेला उतरली तेव्हा हे एक स्वतंत्र राज्य होते. नुकतेच, म्हणजे ८ जानेवारी १८७३ रोजी, लुनालिलो हा लोकांच्या कौलाने राजा झाला होता. कॅप्टन कुक १७७८ मध्ये येथे आल्यापासून परकी रोगांनी मूळच्या लोकांचा फडशा पाडीत आणला होता. १८७२ च्या शिरगणतीत सगळ्या बेटांवर मिळून अवघी ५६,८९७ माणसे भरली, आणि त्यांत परदेशीयही आले. अमेरिकन मिशनऱ्यांची दुसरी पिढी ऊसमळ्यांची मालक होऊ लागली होती. इझाबेलाच्या मुक्कामातच, मे १८७३ मध्ये, बेल्जियमचा फादर डेमियन मोलोकाई बेटावरील कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत राहावयास गेला. अशा एका हसऱ्या परंतु आतून पोखरलेल्या देशात ती आली होती.

हवाई बेटावरील हिलो या गावी तिचा मुक्काम पडला. तेथे एक वरवर क्षुल्लक, पण तिच्या दृष्टीने मोठी गोष्ट घडली. त्या काळी युरोपातील प्रतिष्ठित स्त्रिया घोड्यावर एकाच बाजूला दोन्ही पाय सोडून बसत. मांड टाकून बसणे म्हणजे असभ्यपणाची कमाल! एका अंगावर शरीर तोलून बसण्याने इझाबेलाच्या कण्याला असह्य कळा येत आणि थोड्याच अंतरावर ती हैराण होई. हवाईच्या स्त्रिया मात्र पुरुषांसारख्या मांड टाकून बेफाम घोडी फेकीत. हिलोचे शेरीफ सेव्हरन्स यांच्या घरी ती उतरली होती. त्यांनी तिला पुरुषी खोगीर देऊ केले. तिने थोडे आढेवेढे घेतले आणि मग मांड टाकली. पाठीची कळ नाहीशी झाली! ज्या बाईला घरी बग्गीचे धक्के सोसत नव्हते ती आता दिवसाकाठी पंधरा-वीस कोस घोड्यावर काढू लागली. पायघोळ तुमानीवर गुडघ्याखाली पोचणारा झगा असा पोशाखही तिने शिवून घेतला.

येथे एक क्षण थांबून विचार करण्यासारखे आहे. तिच्या दुखण्याचा निम्मा भार त्या एका चालीरीतीने वाढविला होता. अशा किती चालीरीती किती बायकांच्या पाठी मोडीत असतील, याचा हिशेब कोणी ठेवला नाही.

किलाउएआची पहिली भेट ३१ जानेवारीला झाली. उपा नावाचा हवाईयन वाटाड्या, एक अमेरिकन प्रवासी बाई आणि इझाबेला अशी ही मंडळी हिलोहून सुमारे तीस मैलांची चढण घोड्यावरून चढून गेली. दुसऱ्या अंगाने विवरात उतरावयाचे, थिजलेल्या लाव्हाच्या पठारावरून तीन-एक मैल चालावयाचे आणि हालेमाउमाउ या धगधगत्या कुंडाच्या काठाशी पोचावयाचे, असा तो क्रम. वरची साय कित्येक ठिकाणी पातळ होती. इझाबेला अनेकदा त्यातून खाली खचली. हात टेकून उठताना तिचे कातडी हातमोजे जळून गेले. काठाशी पोचल्यावर खाली पाहते तो रक्तवर्ण द्रवाच्या लाटा खडकांवर आपटत आहेत, मध्येच कारंजे उसळते आहे, आणि आवाज असा की समुद्राने गुहेत धडका द्याव्यात. हवाईयनांच्या श्रद्धेप्रमाणे हे पेले देवीचे घर. १८२४ मध्ये कापिओलानी या सरदार घराण्यातील स्त्रीने ख्रिस्ती झाल्यानंतर देवीचा निषेध मोडून येथे उतरण्याचे धाडस केले होते. इझाबेलाला त्या कथेचे कौतुक होते. तरी त्या काठावर उभे राहिल्यावर लोकांनी येथे देवी का पाहिली हे तिला उमजल्यावाचून राहिले नाही.

फेब्रुवारीत हिलोच्या उत्तरेकडील किनाऱ्याने ती वायपिओ खोऱ्याकडे गेली. सोबतीला डेबोरा नावाची हवाईयन मुलगी आणि कालुना नावाचा तरुण. हा किनारा म्हणजे एकामागून एक खोल घळी. आपल्या कोकणातील घाट पावसाळ्यात ज्यांनी पाहिले असतील त्यांना कल्पना येईल. परतीच्या वाटेवर मुसळधार पावसाने ओढे फुगले. एका घळीत घोडी पाण्यात घालताच प्रवाहाने ती समुद्राकडे ओढली. डेबोराचा घोडा वाहवत चालला, इझाबेलाची घोडी गटांगळ्या खात पोहू लागली. थोडक्यात दोघी बचावल्या. अशा प्रसंगी तिला वाटाड्यांचा आणि जनावरांचाच आधार होता, आणि तिने हे कधी लपविले नाही. उपा, डेबोरा, कालुना ही नावे आज आपल्याला कळतात ती तिने लिहून ठेवली म्हणूनच.

आता मौना लोआ. हा डोंगर दिसावयास मुळीच भयंकर नाही. पालथी घातलेली परात जशी दिसते तसा तो दिसतो. कडा नाही, सुळका नाही. मैलोगणती चढत जाणारा सौम्य उतार. परंतु हाच त्याचा कावा आहे. चढणाऱ्याला शिखर कधी दिसतच नाही. एक चढ संपला की पुढे तसाच दुसरा. पायाखाली सगळा लाव्हा. कोठे काचेसारखा फुटणारा, कोठे आआची करवती ढेकळे. झाड नाही, पाणी नाही. घोड्यांचे पाय रक्तबंबाळ होतात. १३,००० फुटांच्या वर हवेचा दाब समुद्रकाठच्या सुमारे साठ टक्केच उरतो. समुद्रकाठच्या उकाड्यातून निघालेला माणूस दोन-तीन दिवसांत तेथे पोचला, तर डोके फुटू लागते, मळमळते, चार पावलांवर दम लागतो. त्यात कडाक्याची थंडी.

१८७३ च्या वसंतात शिखरावरचे मोकुआवेओवेओ हे विवर पेटले होते. खालून रात्री आकाश लाल दिसे. इझाबेलाला वर जाण्याचा ध्यास लागला; परंतु जाणार कोणाबरोबर, आणि कशाच्या आधारावर? तिच्यापाशी तंबू नव्हता, गरम कपडे नव्हते. योगायोगाने विल्यम ग्रीन हे गृहस्थ वर निघाले. ते बेटांवर स्थायिक झालेले इंग्रज; ज्वालामुखींचा त्यांचा व्यासंग मोठा, पुढे त्यांनी त्यावर ग्रंथही लिहिला. त्यांनी तिला बरोबर येण्याविषयी विचारले. उबदार कपडे इकडून तिकडून उसने जमविण्यात आले. परपुरुषाबरोबर डोंगरावर मुक्काम, हा एडिंबरोत केवढा गहजब ठरला असता! हिलोत कोणी भुवईही उंचावली नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मंडळी निघाली. प्रथम किलाउएआ, तेथून आइनेपो नावाची जागा, आणि तेथून चढाई. बरोबर वाटाडे आणि सामानासाठी खेचरे. जंगल संपले, मग झुडुपे संपली, मग शेवाळही दिसेनासे झाले. जनावरे अडखळत, धापा टाकत, थांबत थांबत वर जात होती. बरोबरीच्या धडधाकट माणसांनाही विरळ हवा बाधली. इझाबेलाही थकली होती, परंतु तिचे दुखरे शरीर येथे तिच्या आड आले नाही. वर्षानुवर्षे वेदनेच्या संगतीत राहिलेल्या माणसाला थोड्या जास्त वेदनेचे भय उरत नसावे.

दिवस कलता कलता ती काठावर पोचली. मोकुआवेओवेओ हे सुमारे पाच किलोमीटर लांब व अडीच किलोमीटर रुंद असे एक प्रचंड विवर आहे. त्याच्या कड्यांच्या तळाशी काळे, थिजलेले मैदान, आणि त्या मैदानाच्या एका कोपऱ्यात अग्नीचे जिवंत कारंजे. दिवसाउजेडी ते पिवळट दिसत होते. कड्याजवळच तंबू दिला. खडकात मेख ठोकता येईना म्हणून दोऱ्यांना लाव्हाचे धोंडे बांधले. अंथरूणही लाव्हाचेच. पाणी गोठू लागले. सर्वजण मिळतील तेवढी पांघरुणे घेऊन दाटीवाटीने आडवे झाले.

मध्यरात्री इझाबेलाला जाग आली. बाकीचे झोपले होते. ती हळूच उठून बाहेर आली आणि एकटी काठाशी जाऊन बसली. आता सबंध विवर उजळले होते. कारंजे उसळत होते, त्याच्या पायथ्याशी अग्नीचे तळे हेलकावे खात होते, आणि काळ्या पृष्ठभागावर भेगांतून अंगार चमकत होता. वर तारे. चोहोकडे बर्फासारखी थंडी. मैलोगणती कोठे मनुष्यवस्ती नाही. वर्षानुवर्षे जिला अंधाऱ्या खोलीत झोप येत नसे, ती येथे आपल्या राजीखुशीने जागी बसली होती. निद्रानाशाचा असा उपयोग तिला घरी कधीच होणार नव्हता.

दुसऱ्या दिवशी मंडळी उतरली. कोणी विक्रम नोंदला नाही, निशाण लावले नाही. परंतु तिने धाकट्या बहिणीला लांबच लांब पत्र लिहिले. हेनी स्कॉटलंडमध्ये बसून ही पत्रे वाची आणि जवळच्या मंडळींना वाचून दाखवी. त्यांच्यातूनच पुढे तिचे हवाईविषयीचे पुस्तक तयार झाले.

याच मुक्कामात ती मौना केआवर आणि माउई बेटावरील दहा हजार फुटांच्या हालेआकालावरही चढली. मौना केआ हा निद्रिस्त ज्वालामुखी. माथ्यावर राखेच्या टेकड्या आणि हिवाळ्यात बर्फ. त्याच्या उतारावर १८३४ च्या जुलैमध्ये डेव्हिड डग्लस हा स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञ रानटी गुरे पकडण्यासाठी खणलेल्या खड्ड्यात मरून पडलेला सापडला होता. आत अडकलेल्या बैलाने त्याला तुडविले होते. ही गुरे मूळची बेटावरची नव्हेत. व्हँकुव्हर या इंग्रज दर्यावर्दीने १७९३ मध्ये राजा कामेहामेहाला भेट दिलेल्या जनावरांची ती प्रजा. डोंगरावरील धोका नेहमी डोंगराचाच असतो असे नाही. पुष्कळदा तो माणसाने आणून ठेवलेला असतो.

ऑगस्ट १८७३ मध्ये ती सॅन फ्रान्सिस्कोकडे निघाली. हवाईत शिकलेली मांड आणि तेथे शिवलेला पोशाख तिच्या बरोबर होता. त्याच शरद ऋतूत तिने कोलोराडोतील चौदा हजार फुटांहून उंच लाँग्ज शिखर गाठले. जिम न्यूजंट नावाच्या एका रंगेल, दारूबाज, अर्ध्या चेहऱ्यावर अस्वलाच्या जखमा वागविणाऱ्या शिकाऱ्याने तिला वर नेले. त्यांची मैत्री जडली. परंतु तिने तिला पुढे वाट दिली नाही. जिम पुढल्याच वर्षी गोळी लागून मेला.

ती घरी परतली, आणि पुन्हा आजारी पडली. हे चक्र जन्मभर चालले. या गोष्टीचा अर्थ काय लावावयाचा? तिचे आजारपण हे नुसते सोंग होते, अशी टर काहींनी उडविली आहे. मला ते अन्यायाचे वाटते. गाठ खरी होती, शस्त्रक्रिया खरी होती, कण्याची व्यथाही खरी होती. परंतु प्रचंड शक्ती असलेल्या मनाला वापरावयास जागाच नसली, तर ती शक्ती शरीरावर उलटते, हेही तितकेच खरे. हवाईतील डोंगरांनी तिला बरे केले असे म्हणता येणार नाही. त्यांनी तिला काम दिले. काम असेतोवर ती दुखणे अंगावर वागवू शके. काम संपले की दुखणे तिच्या उरावर बसे.

१८७५ मध्ये जॉन मरे या प्रकाशकाने तिचे हवाईवरील पुस्तक प्रसिद्ध केले आणि तिचे नाव झाले. तिच्या लेखनातील उणिवाही सांगितल्या पाहिजेत. ती आपल्या काळाची आणि आपल्या धर्माची मुलगी होती. मिशनऱ्यांच्या कार्याकडे तिने बहुधा गौरवाच्याच चष्म्यातून पाहिले. परक्या लोकांविषयी लिहिताना वरच्या पायरीवरून बोलण्याची तऱ्हा तिलाही सुटली नाही. ज्या मिशनरी घराण्यांच्या ओसरीवर तिने पाहुणचार घेतला, तशा घराण्यांतील काहींनी वीस वर्षांनी, १८९३ मध्ये, हवाईची राणी लिलिउओकालानी हिला पदच्युत करण्यात भाग घेतला आणि १८९८ मध्ये ती बेटे अमेरिकेच्या पोटात गेली. असे असले, तरी एका स्वतंत्र राज्याचे अखेरच्या वर्षांतील जिवंत चित्र तिने रेखाटून ठेवले, हे मोल कमी नव्हे.

पुढला प्रवास थोडक्यात सांगतो. १८७८ मध्ये ती जपानला गेली, तेथून मलायात. १८८० मध्ये हेनी विषमज्वराने वारली. जिच्यासाठी लिहावयाचे तीच गेली. हेनीची शुश्रूषा करणारे डॉक्टर जॉन बिशप यांनी पूर्वी इझाबेलाला मागणी घातली होती आणि तिने नकार दिला होता. आता, १८८१ च्या मार्चमध्ये, सुतकी काळ्या पोशाखातच तिने त्यांच्याशी लग्न केले. पाच वर्षांनी तेही निवर्तले.

या दोन मृत्यूंनंतर इझाबेलाबाई नुसत्या प्रवासी राहिल्या नाहीत. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षानंतर त्यांनी लंडनच्या इस्पितळात शुश्रूषेचे शिक्षण घेतले आणि १८८९ मध्ये त्या आपल्या देशात आल्या. काश्मीरमध्ये त्या वेळी फॅनी बटलर या डॉक्टर स्त्रियांसाठी दवाखाना चालवीत होत्या. त्यांच्या साह्याने श्रीनगरला पतीच्या स्मरणार्थ जॉन बिशप मेमोरियल हॉस्पिटल सुरू करण्याची इझाबेलाबाईंनी तजवीज केली; पुढे हे इस्पितळ अनंतनागला हलविण्यात आले. अमृतसरला बहिणीच्या नावाने हेन्रिएटा बर्ड हॉस्पिटल निघाले. मग लडाखच्या खिंडी घोड्यावरून पार करून त्या इराणकडे गेल्या. ज्या देशात त्यांच्या वडिलांनी पहिली पत्नी गमावली होती, त्या देशात मुलीने आजारी स्त्रियांसाठी दोन दारे उघडली.

१८९२ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने पहिल्याने स्त्रियांना फेलो करून घेतले. त्या पहिल्या तुकडीत बिशपबाई होत्या. लगेच पुरुष सभासदांत वादंग माजले. विरोधकांच्या अग्रभागी होते जॉर्ज कर्झन, पुढे आपल्याकडे व्हाइसरॉय होऊन आलेले आणि बंगालच्या फाळणीमुळे आपल्या चांगलेच परिचयाचे झालेले. १८९३ मध्ये नव्या स्त्रियांना दार बंद झाले. आत आलेल्या बावीस जणी तेवढ्या राहिल्या. दार पुन्हा उघडले ते १९१३ मध्ये, आणि गंमत अशी, की तेव्हा अध्यक्षपदी खुद्द कर्झनच होते व त्यांनी आपले मत बदलले होते. तोवर बिशपबाई हयात नव्हत्या.

त्या स्वतः या वादात फारशा पडल्या नाहीत. त्यांना वेळच नव्हता! १८९४ ते १८९७ या काळात त्या कोरिया आणि चीन पालथे घालीत होत्या. १९०१ मध्ये, सत्तरीच्या उंबरठ्यावर, मोरोक्कोत त्या एका उंच काळ्या घोड्यावरून फिरल्या. घोड्यावर चढण्यासाठी त्यांना शिडी लावावी लागे. ७ ऑक्टोबर १९०४ रोजी एडिंबरोत त्यांचे निधन झाले. चीनच्या पुढील प्रवासासाठी त्यांच्या पेट्या बांधून तयार होत्या.

आज आपल्या महाविद्यालयांतून मुले-मुली पाठीवर पिशव्या टाकून राजगडला, हरिश्चंद्रगडला, कळसूबाईला जातात. त्यांत मुलींची संख्या वाढते आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. तरीही अजून कित्येक घरांत मुलीने डोंगरावर मुक्कामाला जाण्याची गोष्ट निघाली की प्रकृतीचा, पोशाखाचा, सोबतीचा आणि लोकांच्या बोलण्याचा प्रश्न त्याच क्रमाने पुढे येतो. दीडशे वर्षांपूर्वी इझाबेला बर्डपुढेही नेमके हेच चार प्रश्न होते. तिने त्यांची उत्तरे वाद घालून दिली नाहीत. खोगीर बदलले, कपडे उसने घेतले, मिळाली ती सोबत धरली, आणि लोकांच्या बोलण्याचा प्रश्न हिलोच्या खाली किनाऱ्यावर ठेवून ती वर गेली.

ज्यांना तिच्याविषयी अधिक कुतूहल वाटेल त्यांनी तिचे हवाईवरील पुस्तक मिळवून जरूर वाचावे. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या कातळावर बसून वाचले तर अधिकच बरे. तो कातळही एके काळी तसाच लाल होता.